सर्जरी रेसिडेन्सी : बहात्तर नावांची यादी कापायची कशी?

रुईपान | ६ जुलै २०२५, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. मी अमेरिकेत मेडिकलच्या चौथ्या वर्षाला आहे. सातवीत इकडे आले, त्यामुळे लिहायचं मराठी थोडं गंजलंय. चुका पोटात घाला.

सप्टेंबरात जनरल सर्जरीच्या रेसिडेन्सीसाठी, म्हणजे डॉक्टर झाल्यावर हॉस्पिटलात काम करत शिकायच्या जागेसाठी, अर्ज करणार आहे. डॉक्सिमिटी या डॉक्टरांच्या साइटच्या क्रमवारीतून, सिनियर्सच्या सांगण्यातून आणि खरं सांगायचं तर नावांच्या वजनावरून एक यादी केली. काल मोजली तर बहात्तर प्रोग्राम! कॉलेजातले सल्लागार म्हणतात, चाळीस पुरेत. मैत्रीण म्हणते, शंभर टाक, उगाच जोखीम नको. ईरास या ऑनलाइन अर्जप्रणालीची फी पहिल्या ३० अर्जांना प्रत्येकी ११ डॉलर आणि एकतिसाव्यापासून प्रत्येकी ३० डॉलर. म्हणजे बहात्तरला १,५९० आणि शंभरला २,४३०. पैशांचं एक वेळ ठीक आहे, पण सिग्नल, म्हणजे 'मला खास तुमच्याकडे यायचंय' अशी अर्जासोबतची खूण, फक्त १५ आहेत. उरलेल्या सत्तावन्न ठिकाणी माझा अर्ज कुणी उघडून तरी बघणार आहे का?

माझ्याबद्दल थोडक्यात : लायसन्स परीक्षेची स्टेप १ पास (आता मार्क नसतात, सगळ्यांचं तेवढंच असतं), स्टेप २ बरी गेली, शोधनिबंध दोनच, त्यातल्या एकात माझं नाव सहावं. ऑपरेट करायला मनापासून आवडतं. संशोधनासाठी लॅबमध्ये दोन वर्षं घालवावीत का, हे अजून ठरत नाही.

यादी कापायची तर कुठून सुरुवात करू?

---

सांख्यिक | ७ जुलै, सकाळी ७:१०

मी डॉक्टर नाही, पण मॅचचं, म्हणजे उमेदवार आणि प्रोग्राम यांच्या पसंतीक्रमावरून जागा वाटणाऱ्या पद्धतीचं, गणित माझ्या आवडीचं, म्हणून बोलतो. रँक लिस्ट द्यायची वेळ येईल तेव्हा 'हे मला घेतील का' असा विचार अजिबात करू नकोस. मनातला क्रम जसाच्या तसा दे. गणितज्ञ गेल आणि शॅपली यांनी १९६२ साली मांडलेल्या कल्पनेच्या जातकुळीची ही पद्धत आहे. ॲल्विन रॉथ आणि एलियट पेरान्सन यांनी ती उमेदवाराच्या बाजूने नव्याने बांधली आणि १९९८ च्या मॅचपासून ती वापरात आहे. रॉथ आणि शॅपली यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. अवघड प्रोग्राम वर लिहिला म्हणून खालच्या प्रोग्राममधली संधी कमी होत नाही.

---

टाका_दोरा | ७ जुलै, सकाळी ७:३४

सांख्यिक, बरोबर आहे, पण ही फेब्रुवारीची गोष्ट झाली. तिच्यापुढे प्रश्न जुलैचा आहे. मुलाखतीला बोलावलंच नाही तर रँक काय करणार? संध्याकाळी सविस्तर लिहितो, आता ऑपरेशनची केस आहे.

---

आगाऊ_आजोबा | ७ जुलै, सकाळी ९:०५

आमच्या वेळी हे सिग्नल-बिग्नल नव्हतं. टाइप केलेली पत्रं पाठवायची आणि पोस्टमनची वाट बघायची. एक दिवसाआड रात्रीचा कॉल, म्हणजे रात्रभर ड्युटी, असे. तेव्हाचा विनोद होता : एक दिवसाआड कॉलमध्ये वाईट काय? निम्म्या केसेस हुकतात! हल्लीच्या पोरांना आठवड्याला ऐंशी तास झाले की घड्याळ दिसतं. सर्जन तयार होणार कसा?

---

रात्रपाळीची_बायको | ७ जुलै, सकाळी ९:४१

आजोबा, ऐंशी तास हे चार आठवड्यांच्या सरासरीने मोजतात. एखाद्या आठवड्यात पंच्याण्णव झालेले मी स्वतः मोजलेत. आणि हा नियम कुणाच्या लाडासाठी आला नाही. १९८४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लिबी झायन नावाची अठरा वर्षांची मुलगी दवाखान्यात दगावली, त्यानंतर थकलेल्या रेसिडेंटांचा प्रश्न चव्हाट्यावर आला. न्यूयॉर्कने १९८९ मध्ये मर्यादा घातली आणि देशभर ती यायला २००३ उजाडलं.

रुई, तुझ्यासाठी रात्री लिहिते. नवरा सर्जरीच्या चौथ्या वर्षाला आहे, त्यामुळे माझी पण अर्धी रेसिडेन्सी झालीच आहे.

---

टाका_दोरा | ७ जुलै, रात्री ९:१८

हं, आता बसतो निवांत.

रुई, तुझ्या पोस्टमधलं एक वाक्य मला सर्वांत कामाचं वाटलं : 'ऑपरेट करायला मनापासून आवडतं.' यादी त्या वाक्यापासून सुरू कर. क्रमवारी बाजूला ठेव. डॉक्सिमिटीच्या यादीत मोठा वाटा डॉक्टरांनी दिलेल्या मतांचा असतो. मत देणारा माणूस स्वतः जिथे शिकला त्या जागेचं आणि ऐकलेलं नाव लिहितो. तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटच्या हातात कॅमेरा असतो की स्टेपलर, हे त्याला कुठून माहीत?

मी गेली वीस वर्षं एका मध्यम आकाराच्या प्रोग्राममध्ये शिकवतोय. शिकलो मात्र मोठ्या नावाच्या ठिकाणी. तिथे लिव्हरचा फेलो (रेसिडेन्सीनंतर एकाच शाखेत पुढे शिकणारा), कोलोरेक्टलचा फेलो, मिनिमली इन्व्हेसिव्हचा फेलो, सगळे होते. व्हिपल, म्हणजे स्वादुपिंडाचं मोठं ऑपरेशन, सुरू असायचं, मी रिट्रॅक्टर (जखम उघडी धरायचं हत्यार) धरून उभा. दोन वर्षं माझी ओळख 'चांगला धरतो' एवढीच होती. मला फेलोशिप उत्तम मिळाली, हेही खरं. पण पहिल्या वर्षी अटेंडिंग (स्वतंत्र जबाबदारीचा सर्जन) म्हणून रात्री दोन वाजता फुटलेलं कोलन (मोठं आतडं) समोर आलं, तेव्हा माझा हात थरथरला. ते कुठल्याही क्रमवारीत लिहिलेलं नव्हतं.

तर बघायचं काय? बोर्डाच्या परीक्षेला बसायला किमान ८५० मोठ्या केसेस लागतात, त्यातल्या किमान २०० चीफ, म्हणजे शेवटच्या, वर्षात. शिवाय तिसरं वर्ष सुरू होण्याआधी २५०. हे किमान झालं. प्रश्न असा विचार : तुमचे चीफ बाहेर पडताना किती केसेसवर असतात? कुणी '८५० पूर्ण होतातच' म्हणालं तर समजून जा, मे महिन्यात तिथे आकडा भरायला हर्निया शोधत फिरतात. कुणी अकराशे-बाराशे म्हणालं तर पुढचा प्रश्न : त्यात काय काय? दहा हजार टाक्यांपैकी नऊ हजार एकाच शिवणीचे असतील तर शिंपी तयार होत नाही. एंडोस्कोपीच्या (नळीतून आत बघायच्या) ८५ (३५ वरच्या, ५० कोलोनोस्कोपी) त्यांच्याकडे गॅस्ट्रोवाल्यांशी भांडून मिळतात की सर्जरीचा स्वतःचा स्कोपचा दिवस आहे? ट्रॉमा आहे, पण नुसता पडझडीचा, की पोट उघडावं लागणारा?

आणि पहिल्या वर्षी काय करतात हे विचारायला विसरू नकोस. इंटर्न (पहिल्या वर्षाचा रेसिडेंट) ओआरमध्ये, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, जातो की बारा महिने वॉर्डात डिस्चार्ज समरी लिहितो? आमच्याकडची एक इंटर्न दुसऱ्याच आठवड्यात अपेंडिक्सच्या ऑपरेशनला पोर्ट (दुर्बिणीसाठीच्या नळ्या) घालत होती, मी मागे हात बांधून उभा होतो. मला घाम फुटला होता, तिला नाही.

लॅबच्या दोन वर्षांबद्दल : पाच वर्षांचा प्रोग्राम आणि लॅब धरून सात वर्षांचा प्रोग्राम या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत. काही ठिकाणी लॅब ऐच्छिक असते, काही ठिकाणी 'ऐच्छिक' म्हणतात पण सगळेच जातात. पीडिॲट्रिक सर्जरी किंवा सर्जिकल ऑन्कॉलॉजी डोक्यात असेल तर ती वर्षं कामी येतात. नुसतं चांगलं जनरल सर्जन व्हायचं असेल तर सात वर्षांचे प्रोग्राम आजच काप. माझा अंदाज, तुझ्या बहात्तरातले पंधरा तरी त्यात जातील.

उरलेलं उद्या.

---

रुईपान | ७ जुलै, रात्री १०:०२

टाका_दोरा काका, पंधरा नाही, एकोणीस गेले. 😅 पण त्यातला एक कापताना जीव खालीवर झाला. लहानपणापासून टीशर्टवर बघितलेलं नाव आहे ते.

---

रात्रपाळीची_बायको | ७ जुलै, रात्री ११:३०

मला केस लॉगमधलं (ऑपरेशनांच्या नोंदींमधलं) कळत नाही. मला पार्किंग कळतं.

आम्ही जिथे आहोत तो प्रोग्राम चार वेगवेगळ्या हॉस्पिटलांत फिरवतो. वेबसाइटवर ते किती छान दिसतं! विविध अनुभव, विविध पेशंट. त्यातलं एक हॉस्पिटल आमच्या घरापासून पंचावन्न मिनिटांवर आहे, हे आम्हाला करार झाल्यावर कळलं. पहिल्या हिवाळ्यात मी खिडकीतून बघायची, गाडी खाली येऊन उभी राहायची, दिवे विझायचे आणि पुढची वीस मिनिटं दार उघडायचं नाही. पहिल्यांदा घाबरून खाली धावले. तो स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपला होता, किल्ली हातात तशीच. नंतर मी धावणं सोडलं. वीस मिनिटांचा गजर लावायची आणि मग खाली जायची.

म्हणून विचार : किती ठिकाणी फिरवतात, सर्वांत लांबचं किती मैलांवर, तिथे सलग किती महिने, आणि रात्री उशीर झाला तर झोपायला खोली आहे का. पगार गावागणिक फारसा बदलत नाही, भाडं मात्र दुप्पट होतं. हे कुणी ब्रोशरमध्ये लिहीत नाही.

---

पायरी_दर_पायरी | ८ जुलै, दुपारी १:१५

आजोबांच्या पोस्टवरून आठवलं. आजोबा, तुमच्या काळी पिरॅमिड होता ना? सुरू करायचे आठ, चीफ व्हायचे तीन?

---

आगाऊ_आजोबा | ८ जुलै, दुपारी २:००

आमच्याकडे नऊ सुरू झाले, तीन उरले. मी उरलेल्यांपैकी. हॉल्स्टेड या सर्जनने जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलात बसवलेली घडी ती. वर जायला जागा कमी, म्हणून सगळे एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघायचे. खोटं कशाला बोलू, ते वाईटच होतं. मॅसॅच्युसेट्स जनरलमध्ये एडवर्ड चर्चिलने चौकोनी पद्धत आणली, जितके घ्याल तितके शेवटपर्यंत न्या. ती सगळीकडे पोचायला मात्र फार काळ गेला.

---

पायरी_दर_पायरी | ८ जुलै, दुपारी २:४०

पिरॅमिड गेला नाही आजोबा, त्याचं नाव बदललं. आता त्याला प्रिलिमिनरी म्हणतात.

रुई, हे तुझ्यापेक्षा इथे वाचणाऱ्या भारतातल्या मुलांसाठी जास्त लिहितोय. सर्जरीत दोन प्रकारच्या जागा असतात. कॅटेगोरिकल म्हणजे पाच वर्षांची हमी. प्रिलिमिनरी म्हणजे एक वर्ष, फार तर दोन, पुढे रस्ता तुमचा तुम्ही शोधायचा. मॅचमध्ये कॅटेगोरिकल जागा साधारण सतराशे, आणि त्यावर हजाराहून जास्त प्रिलिम. यातल्या काही प्रिलिम ज्यांच्या आहेत त्यांना पुढची जागा आधीच मिळालेली असते, उदाहरणार्थ रेडिओलॉजी, ॲनेस्थेशिया. बाकीच्यांना 'अनडेझिग्नेटेड' म्हणतात. मी तो होतो. दोन वर्षं.

मला सांगितलं होतं, 'चांगलं काम केलंस तर कॅटेगोरिकल मिळेल.' कुणी खोटं बोललं नाही, फक्त 'जागा रिकामी झाली तर' हे वाक्याच्या शेवटी हळू आवाजात होतं. जागा रिकामी झाली नाही. जानेवारीत ॲबसाइट या सर्जरी रेसिडेंटांच्या वार्षिक परीक्षेत मी आमच्या बॅचमध्ये पहिला आलो, आणि त्याच महिन्यात माझ्यापेक्षा कमी मार्क असलेल्या कॅटेगोरिकल मुलाला मी अपेंडिक्स शिकवत होतो. आता ॲनेस्थेशियात आहे, सुखात आहे. पडद्याच्या दुसऱ्या बाजूला उभा राहून गंमत बघतो.

प्रिलिमला अर्ज करायचाच तर एकच प्रश्न पीडीला (प्रोग्राम डायरेक्टरला) विचारा : गेल्या पाच वर्षांतले तुमचे अनडेझिग्नेटेड प्रिलिम आज कुठे आहेत? एकेकाचं उत्तर हवं. 'बहुतेक जण चांगल्या ठिकाणी गेले' हे उत्तर नव्हे.

---

आंतरवासी_विदर्भ | ८ जुलै, संध्याकाळी ६:२०

सर, नेमकं हेच विचारायचं होतं. मी महाराष्ट्रातल्या सरकारी कॉलेजात इंटर्नशिप करतोय. स्टेप १ झाली, स्टेप २ ऑगस्टमध्ये आहे. अर्ज याच वर्षी करू की एक वर्ष अमेरिकेत रिसर्च करून पुढच्या वर्षी? प्रिलिमला टाकू की नको?

---

टाका_दोरा | ८ जुलै, रात्री ९:५०

आंतरवासी, तुझी यादी रुईच्या यादीच्या उलट्या बाजूने सुरू होते. तिने 'मला काय हवंय' पासून, तू 'मला कोण घेऊ शकतं' पासून. वाईट वाटून घेऊ नकोस, व्यवहार आहे.

प्रत्येक प्रोग्रामच्या साइटवर सध्याच्या रेसिडेंटांची पानं उघड. परदेशी कॉलेजातून आलेलं कॅटेगोरिकलमध्ये कुणी आहे का? प्रिलिममध्ये असणं धरू नकोस. मग व्हिसा. बहुतेक ठिकाणी जे-१ (प्रशिक्षणासाठीचा). काही थोडे एच-१बी (नोकरीचा) देतात, पण त्यासाठी स्टेप ३ आधी पास हवी. जे-१ वर प्रशिक्षणाची साधारण मर्यादा सात वर्षांची. पाच वर्षं जनरल सर्जरी आणि दोन वर्षांची फेलोशिप, झाली सात. म्हणजे प्रिलिममध्ये घालवलेलं प्रत्येक वर्ष या सातातून वजा होतं. हे मुलांना शेवटी कळतं, तोवर दोन गेलेली असतात. आणि जे-१ नंतर दोन वर्षं मायदेशी, नाहीतर कॉन्राड ३० सारख्या योजनेतून सवलत. त्यात प्रत्येक राज्याला वर्षाला तीसच.

रिसर्चच्या वर्षाबद्दल माझं मत हो, पण एका अटीवर. ज्या विभागात प्रयोगशाळा आहे तिथल्या सर्जनना तू रोज दिसशील अशी जागा असेल तरच. मूषकांच्या पिंजऱ्यात वर्ष काढून शिफारसपत्र मिळत नाही, मिळालं तरी त्यात 'वेळेवर येतो' एवढंच लिहितात.

---

सांख्यिक | ८ जुलै, रात्री १०:२२

बोर्डाच्या पास होण्याचे आकडे अमेरिकन बोर्ड ऑफ सर्जरी प्रोग्रामनिहाय प्रसिद्ध करतं. ते बघता का कुणी?

---

टाका_दोरा | ८ जुलै, रात्री १०:४०

बघतो, पण चष्मा लावून. ज्या प्रोग्राममधून वर्षाला तीनच चीफ बाहेर पडतात तिथे एक नापास झाला की टक्केवारी धाडकन पडते. पाच वर्षांचे पंधरा जण बघितले तरी त्या एका व्यक्तीला त्याच वर्षी बाळ झालं किंवा तिचे वडील गेले, ते आकड्यात दिसत नाही. सलग खाली असेल तर मात्र विचारावं, अभ्यासाला वेळ देता की नाही.

त्यापेक्षा सोपी युक्ती सांगतो, फुकटची. रेसिडेंटांच्या फोटोंचं पान उघड आणि डोकी मोज. पहिल्या वर्षी सहा, दुसऱ्या वर्षी सहा, तिसऱ्या वर्षी चार, चौथ्या वर्षी चार. दोघं कुठे गेले? लगेच निष्कर्ष काढू नकोस. पहिल्या ओळीत प्रिलिमचे फोटो मिसळलेले असतात आणि सात वर्षांच्या प्रोग्राममध्ये मधली मुलं लॅबच्या पानावर असतात. ते वजा करूनही डोकी कमी भरली तर मुलाखतीत चीफला हळूच विचार. जनरल सर्जरीतून साधारण पाचात एक जण सोडून जातो, त्यामुळे एखादं जाणं यात नवल नाही. कसं सांगतात ते ऐक. 'तिला रेडिओलॉजी आवडली, अजून आमच्याबरोबर जेवायला येते' हे एक उत्तर. 'फिट नव्हती' हे दुसरं.

---

रुईपान | ८ जुलै, रात्री ११:१५

अय्या, मी आता बसून मोजलं. त्रेपन्नपैकी चार ठिकाणी हिशोब लागत नाहीये. त्यातलं एक माझ्या पहिल्या पाचात होतं.

सिग्नलबद्दल कुणी बोलाल का? पंधरा सगळे स्वप्नातल्या ठिकाणी लावायचे का?

---

पायरी_दर_पायरी | ९ जुलै, सकाळी ६:३०

नको! पाच सिग्नल होते तेव्हा ती चैन होती, तीही खरं तर नव्हती. आता पंधरा झाल्यावर सिग्नल म्हणजेच अर्ज असं धरून चालायचं. सिग्नल नसलेला अर्ज उघडला जाण्याची शक्यता फारच कमी. पंधरापैकी चार-पाच आवाक्याबाहेरचे, सात-आठ जिथे तुझ्यासारखीच मुलं दिसतात असे, उरलेले जिथे तू त्यांच्या पानावरच्या मुलांपेक्षा थोडी वरचढ आहेस. भौगोलिक पसंतीत नऊ विभागांतले तीनच निवडता येतात. तुझं मामाचं घर, नवऱ्याची नोकरी, काहीही खरं कारण असेल तिथे ते शब्दांत लिही. होम प्रोग्रामला (स्वतःच्या कॉलेजातल्या) सिग्नल द्यायचा की नाही हे यंदाच्या सूचना वाचून ठरव, गेल्या वर्षीच्या सिनियरवर जाऊ नकोस.

---

आगाऊ_आजोबा | ९ जुलै, सकाळी ८:१२

एवढं सगळं मोजून झालं की एकदा तिथल्या स्क्रब नर्सशी, ऑपरेशनमध्ये हत्यारं हातात देते तिच्याशी, बोल. ती खरं सांगते.

---

टाका_दोरा | ९ जुलै, सकाळी ८:१९

आजोबा, मुलाखती बहुतेक व्हिडिओवर असतात हल्ली. नर्स कुठून भेटणार! पण अवे रोटेशनला (दुसऱ्या हॉस्पिटलात काही आठवडे शिकायला) जाशील तेव्हा हे नक्की कर.

---

रुईपान | २१ सप्टेंबर, रात्री १२:४०

मंडळी, धागा वर काढतेय. २४ तारखेपासून प्रोग्रामना अर्ज दिसायला लागतील. यादी एक्केचाळीसवर आली. ऑगस्टमध्ये एका मध्यम प्रोग्राममध्ये चार आठवडे अवे केलं, जुलैत ते माझ्या बहात्तरातही नव्हतं. पहिल्या दिवशी स्क्रब टेकला विचारलं (आजोबा!), रेसिडेंट कसे आहेत? तिने मान वर न करता सुयांची मोजणी पूर्ण केली आणि म्हणाली, 'दुसऱ्या वर्षाची मुलं मला सूया मागतात, तिकडच्या मोठ्या हॉस्पिटलातली मागतच नाहीत, त्यांना हातच लावायला मिळत नाही.' पहिला सिग्नल तिथे. टीशर्टवाल्या नावाला दिला नाही. एक दिवस वाईट वाटलं.

सर्वांत लांबचं हॉस्पिटल बारा मैलांवर, ताई. झोपायला खोली आहे. मी बघून आले, गादी भयंकर आहे.

---

आंतरवासी_विदर्भ | २१ सप्टेंबर, दुपारी ३:०५

मी यंदा थांबलो. एका ट्रॉमा विभागात रिसर्चची जागा मिळाली, जानेवारीपासून. परवा एच-१बीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर फीची घोषणा झाली, तेव्हापासून आमच्या ग्रुपवर नुसता गोंधळ आहे. मी त्या रकान्यातले प्रोग्राम तूर्त खोडलेत आणि जे-१ चे बावीस उरलेत. प्रिलिमच्या चार पीडींना तो पाच वर्षांचा प्रश्न इमेलवर विचारला. दोघांचं उत्तर नाही. एकाने 'बहुतेक' लिहिलंय. चौथ्याने अकरा ओळींत अकरा जणांचं आजचं काम लिहून पाठवलं, नावं न देता, शेवटच्या ओळीत लिहिलंय : एकाचं काय झालं मला ठाऊक नाही, शोधून कळवतो.

---

पायरी_दर_पायरी | २१ सप्टेंबर, दुपारी ३:२२

तो चौथा ठेव.